शिंपल्यांचा उन्हाळा

मार्च संपत आला की शिरूरच्या रस्त्यांवर माठ मांडले जातात, रसवंतीची घुंगरं वाजायला लागतात आणि माझ्या अंगात एक जुनी चिडचिड परत येते. लोकांना उन्हाळा म्हटलं की आंबे आठवतात, सुट्टी आठवते. मला खारं पाणी आठवतं. आमचं गाव घोडनदीच्या काठचं. मे महिन्यात नदीतच पाय बुडायची मारामार, आणि आमच्या पुढच्या खोलीत मात्र एक उन्हाळाभर समुद्राचं पाणी हलत होतं. त्यात चार जिवंत शिंपले होते. ते माझ्यामुळं मेले. हे वाक्य मी वीसेक वर्षं कुणापुढं उच्चारलेलं नाही, म्हणून लिहून बघते आहे.

आमचं घर कल्हईवाल्यांचं. सासरे, म्हणजे अब्बा, सायकलला भाता बांधून न्हावऱ्यापासून कवठे येमाईपर्यंत हिंडत आणि लोकांच्या तांब्यापितळेच्या भांड्यांना आतून कथील चढवून देत. मी लग्न होऊन आले तेव्हा धंद्याला शेवटची घरघर लागली होती, कारण स्टीलला कल्हई लागत नाही. तरी सणासुदीला अंगणात भांड्यांचा ढीग पडायचा आणि नवसागराच्या पांढऱ्या धुरानं आमचे डोळे चुरचुरायचे. सासूबाईंना आम्ही अम्मा म्हणत असू. पन्नास घरांची भांडी एकत्र आली तरी त्या एकालाही चिठ्ठी लावत नसत. कोणता हंडा कुणाचा, हे त्या पोच्यांवरून सांगत. हा कवठ्याचा, काठापाशी चेपलाय. तो न्हावऱ्याच्या मास्तरांचा, बूड बसलंय. त्यांची एकदाही चूक झालेली कुणाला माहीत नव्हती. अब्बा गेले, भाता माळ्यावर गेला, आणि घरात त्यांच्या हातचा एकच मोठा तांब्याचा हंडा उरला. घरातलं आमचं बोलणं अर्धं दखनी आणि अर्धं मराठी. इथं सगळं मराठीतच लिहिते आहे.

पुढची खोली माझी होती. म्हणजे कागदोपत्री कुणाचीच नव्हती, पण मी तिथं शिकवणी घ्यायचे, सातवी ते दहावी, गणित आणि विज्ञान. पूर्वेची खिडकी, भिंतीवर फळा, सहा बाक. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि त्या घरात माझी म्हणावी अशी तेवढीच जागा होती. मग धाकटा दीर रफिक परत आला. आठ वर्षं तो आखातात एका मोठ्या हॉटेलातल्या समुद्री माशांच्या टाक्या सांभाळत होता. नोकरी सुटली. लोक तिकडून येताना साखळ्या आणतात, टेपरेकॉर्डर आणतात. आमचा रफिक समुद्राचं पाणी बनवायच्या मिठाची पोती घेऊन आला. आमच्या ह्यांचा भावावर फार जीव. एका संध्याकाळी मी बाजारातून आले तर माझे बाक व्हरांड्यात होते आणि पुढच्या खोलीत लोखंडी स्टँडवर चार फुटी काचेची टाकी. वरच्या पत्र्याचा तुकडा कापून तिथं काच बसवली होती, कारण त्याच्या जिवांना ऊन लागणार होतं. आयत्या बिळावर नागोबा, असं मी सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले. रफिक हसला. तो अशा वेळी हसायचाच, आणि त्याचा मला आणखी राग यायचा.

शिंपले मुंबईहून आले. थर्माकोलच्या खोक्यात, पाणी भरलेल्या पिशव्यांत, मांडीवर घेऊन तो रेल्वेनं दौंडला उतरला. दौंड माझं माहेर. माझे वडील रेल्वेत फिटर होते, निवृत्त झाले तरी घड्याळ बघूनच हसायचे. त्यांनी ते खोकं घरात नेऊन पंख्याखाली ठेवलं, आतले जीव बघितले आणि स्वतः उचलून न्हावऱ्यावरून येणाऱ्या शिरूरच्या एसटीपर्यंत पोचवलं. हे रफिकनंच मला कौतुकानं सांगितलं. मला सोडायला वडील कधी फाटकापर्यंत आले नव्हते.

खरं सांगायचं तर ते सुंदर होते. मी सुंदर गोष्टींवर रागावू शकते, पण त्या सुंदर नाहीत असं म्हणणं मला जमत नाही. सगळ्यात मोठा माझ्या तळहाताएवढा, बाकीचे त्याहून लहान. शिंपल्याचं तोंड वर उघडलेलं आणि त्यातून मांसाची एक झालर बाहेर सांडलेली, एकाची गडद निळी, एकाची हिरवी, तिच्यावर सोनेरी ठिपके. ह्याच जातीचे काही समुद्रात वाढून एवढे होतात की चार माणसांना उचलत नाहीत, असं रफिक सांगायचा. त्यांच्या त्या झालरीत बारीक शेवाळ राहतं, ते उन्हावर अन्न करतं आणि शिंपला त्यावर जगतो. अंगावरून सावली गेली की ते झटकन मिटतात. आता म्हणे हे जीव पाळायला कायद्यानं बंदी आहे. तेव्हा असती तर किती बरं झालं असतं.

रफिकचं सगळं त्या चार जिवांवर टांगलेलं होतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. कासुर्डीला हायवेवर ज्यांचं हॉटेल होतं ते आप्पा एकदा टाकी बघायला आले. झेंडूचे शेतकरी, हॉटेल नवीन काढलेलं, गिऱ्हाईक थांबावं म्हणून दारात काहीतरी नवल हवं होतं. काचेला नाक लावून ते पंधरा मिनिटं बसले. मग म्हणाले, "पोरा, पावसाळ्यात कुणीबी जगवील. उन्हाळा काढून दाखव. मग हाटेलात मोठी टाकी बी तुझी आन् कायमची नोकरी बी तुझी." रफिकनं त्यांच्या पायाला हात लावला. ते गेल्यावर मला म्हणाला, "भाभी, मला दुसरं काय येतच न्हाई. एवढं एकच येतंय." तो तीस वर्षांचा होता.

त्याच आठवड्यात अम्मा चार दिवस लेकीकडं गेल्या होत्या, तेव्हा त्यानं मला आणि ह्यांना बसवून नियम सांगितले. टाकीत साबणाचा हात घालायचा नाही. जवळ उदबत्ती नको. उन्हानं पाणी आटतं, मीठ मागं राहतं, म्हणून रोज आटेल तेवढं साधं पाणी वरून घालायचं. पण नळाचं नाही, बोअरचं नाही, गॅरेजवाल्याकडून आणलेलं बॅटरीचं पाणी, म्हणजे डिस्टिल्ड. आणि तांबं ह्या जिवांना विष. तांब्यापितळेचं काही पाण्याला लागू द्यायचं नाही. "अम्मा आली की तिलाबी सांगून ठिवा भाभी, तिचा हात सारखा भांड्यात असतोय." मी म्हणाले, सांगते. पहिले दोन दिवस मी विसरले. नंतर आठवलं तेव्हा वाटलं, मी काय त्याची निरोप्या आहे का?

एप्रिल लागला आणि लाइट जायला लागली. दुपारी चार तास, कधी सहा. पंप बंद, पाणी थांबलेलं, वरून काचेतून सरळ ऊन. रफिक प्लास्टिकच्या मगानं टाकीतलं पाणी उचलायचा आणि उंचावरून परत सोडायचा, आत हवा जावी म्हणून. तासन्‌तास. टाकीभोवती ओली पोती गुंडाळायचा, बर्फ मिळाला तर बाटल्यांत भरून सोडायचा. पाणी तापलं तर शिंपले संपले, असं त्यानं सगळ्यांना बजावलं होतं. त्याच्या दंडाला सूज आली. पलीकडं व्हरांड्यात, पत्र्याखाली, मी दहावीच्या मुलांना त्रिकोणमिती शिकवत होते. घामानं वह्या भिजायच्या. एकेक करून मुलं दुसऱ्या क्लासला गेली. बावीसची नऊ झाली. कुणी मला विचारलं नाही की तुझी किती उरली. रागाला कारण होतं, एवढं मी आजही म्हणेन. पण त्या कारणानं जेवढं करायला हवं होतं त्यापेक्षा मी फार जास्त केलं.

सुरुवात सावलीनं झाली. रफिक बॅटरीचं पाणी आणायला गेला की मी टाकीपाशी जायची. हात वर करायची. चारही शिंपले मिटायचे. थांबायचं, ते भीतभीत उघडायचे, आधी एक फट, मग झालरीची कड, मग सगळी. पूर्ण उघडले की परत हात. मिटलेल्या शिंपल्याला ऊन मिळत नाही, म्हणजे जेवण मिळत नाही, हे मला रफिकनंच समजावलं होतं. मी पदराची सावली पाडून बघितली, वहीची पाडून बघितली. त्या घरात माझ्या नुसत्या हात उचलण्याची दखल घेणारं दुसरं कुणी नव्हतं. मला मजा यायची, हे लपवण्यात अर्थ नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात बर्फ मिळेनासा झाला. बॅटरीच्या पाण्याचे कॅन उन्हात कढत व्हायचे, त्यांना प्लास्टिकचा वास मारायचा. असलं गरम पाणी लेकाच्या जिवांच्या अंगावर घालायचं अम्मांना सोसवेना. त्यांनी अब्बांचा हंडा काढला, चिंचेनं घासून लख्ख केला, कॅनमधलं पाणी त्यात ओतलं, वरपासून खालपर्यंत ओलं फडकं गुंडाळलं आणि मोरीच्या कोपऱ्यात सावलीला ठेवला. उभ्या आयुष्यात त्यांनी पाणी गार करायचं ते असंच केलं होतं. मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होते. त्या दारात आल्या. मला त्या शेवटपर्यंत दुल्हनच म्हणायच्या.

"दुल्हन, शिंपल्यांचं पाणी हंड्यात ठिवलं तर चालंल न्हवं? गार ऱ्हातंय."

मी सुरी थांबवली नाही. "चालेल की," म्हणाले.

रागाच्या भरात बोलले असं म्हणायला सोय असते. तसं काही नव्हतं. माझं डोकं शांत होतं. त्या हंड्याची कल्हई कधीच झिजून गेली आहे, आणि ती परत चढवणारा माणूस आता नाही, हे मला ठाऊक होतं. बॅटरीचं पाणी म्हणजे भुकेलं पाणी, त्यात काहीच नसतं म्हणून ते ज्याला टेकेल त्यातलं ओढून घेतं, हेही मला ठाऊक होतं. त्याच आठवड्यात मी सातवीला धातू शिकवले. तांब्यावर हिरवा थर का चढतो, मुलांनी पाठ करून म्हणून दाखवलं. मी शाबास म्हणाले. पलीकडं अम्मा लोट्यानं मोजून मोजून गार पाणी टाकीत सोडत होत्या, आणि रफिक कौतुकानं म्हणत होता की अम्माच्या हातचं पाणी पडलं की टाकी एक डिग्री उतरते. पाणी कुठून येतं हे त्यानं विचारलं नाही. आईला कोण विचारतं?

रोज सकाळी मी ठरवायचे, आज सांगून टाकू. दुपारी लाइट जायची, व्हरांड्यात एखादं पोर कमी असायचं, आणि मी मूग गिळून बसायचे. आठ दिवस गेले.

आधी गोगलगायी मेल्या. काच साफ ठेवायला त्यानं दहाबारा बारीक गोगलगायी सोडल्या होत्या, त्या एका दिवसात तळाला उलट्या पडल्या. रफिक घाबरला. त्यानं उन्हाला दोष दिला, वरची काच अर्धी झाकली. मग ती काढली आणि मिठाला दोष दिला. निम्मं पाणी बदललं. मग पोत्यांना दोष दिला, ती खताची होती म्हणून. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. बदललेल्या पाण्यानं दोन दिवस जरा बरं वाटलं, आणि अम्मांनी लेकाची काळजी बघून हंड्यातलं पाणी आणखी जास्त घातलं. मी त्याला टॉर्च धरून मदत केली. माझ्याइतकी मदत कुणीच केली नाही.

शिंपला मरताना मिटत नाही. मला वाटलं होतं, दार लावून घेतात तसं होत असेल. उलट तो उघडाच पडतो, फार उघडा, आणि ती झालर आत आत सुकत जाते, जणू कपडा आटला. सगळ्यात लहान आधी गेला. दुसऱ्या दिवशी दोन. मोठा तीन दिवस राहिला. रफिक त्याच्यावर हाताची सावली धरायचा. हात न्यायचा, आणायचा, परत न्यायचा. शिंपला जागचा हलत नव्हता. "मीट की," तो त्याला म्हणाला, इतक्या हळू की मलाच ऐकू आलं. तीस वर्षांचा बाप्या, आणि शिंपल्याला विनवत होता. त्या क्षणी मला माझी भीती वाटली. बोलायला तरीही उशीर झालेला नव्हता, निदान मोठ्यासाठी.

हंडा त्याला त्या संध्याकाळी सापडला. हात धुवायला मोरीत गेला, कोपऱ्यातलं फडकं उचललं, आत बोटं घातली आणि तसाच उभा राहिला. पाण्याच्या रेषेवर हिरवट कड धरली होती.

"अम्मा, ह्यातलं पानी घालत हुतीस?"

"व्हय. गार ऱ्हातंय म्हणून." अम्मांना त्याच्या चेहऱ्यावरून कळलं काहीतरी झालंय. "मी दुल्हनला इचारलं हुतं. चालंल म्हणली ती."

तिघांनी माझ्याकडं बघितलं. हे दारात टॉवेल खांद्यावर टाकून उभे होते. खोटं बोलायला जोर लागतो असं आपण मुलांना शिकवतो. काही जोर लागत नाही.

"मला नाही विचारलंत अम्मा," मी म्हणाले. "उलट तुम्ही लेकीकडून आलात त्याच दिवशी मी सांगितलं होतं, तांबं नको म्हणून. तुम्ही विसरलात."

अम्मा बघत राहिल्या. न्हावऱ्याच्या मास्तरांचा हंडा तीस वर्षांनी ओळखणारी बाई माझ्या तोंडाकडं बघत राहिली. त्यांना माझं खोटं दिसलं का? दिसलं आणि मोठ्या लेकाचा संसार नको मोडायला म्हणून त्या गप्प बसल्या, की खरोखरच त्यांचा स्वतःवरचा विश्वास त्या घडीला सुटला? मी ह्याचा इतका विचार केला आहे की आता दोन्ही खरं वाटतं.

"असंल," अम्मा म्हणाल्या. "माझंच ध्यान ऱ्हात न्हाई हल्ली."

रफिकनं हंडा उपडा केला. पाणी मोरीतून वाहत गेलं. 

रोहिणी नक्षत्राच्या आधी दोन दिवस आप्पा आले, कबूल केल्याप्रमाणे. टाकीत चार उघडे शिंपले आणि ढवळलेलं पाणी. रफिकनं सांगितलं, माझ्याच हातून चूक झाली. आप्पांनी चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले की शब्द म्हंजी शब्द, उन्हाळा न्हाई निघाला. वाईट माणूस नव्हता तो. पुढं त्यांच्या हॉटेलच्या दारात रंगीत दिव्यांचं कारंजं बसलं. दौंडला जाता येता लोक त्याच्यापुढं फोटो काढायचे. टाकी भंगारवाल्यानं नेली. माझे बाक आत आले, पुढच्या वर्षी तीसच्या वर मुलं झाली, आणि मी त्या खोलीत सुखानं शिकवलं. शिक्षा वगैरे काही होत नाही.

रफिक एका कारखान्यात पॅकिंगला लागला. खोक्यांना पट्ट्या मारायचं काम. नंतर कधी त्यानं साधा सोनेरी मासासुद्धा पाळला नाही. अम्मा प्रत्येक गोष्ट मला विचारायला लागल्या. दुल्हन, दूध तापवलं का मी? दुल्हन, आज कोण वार? ज्यांच्या डोक्यात चाळीस वर्षांची भांडी होती त्या आपल्याच घरात पाहुण्यासारख्या चाचपडत वावरायच्या. त्यांचं बहुतेक वेळा बरोबरच असायचं. मी तसं सांगायची नाही. थांबा, बघते, म्हणायची.

आता अम्मा नाहीत. हे वाचून रफिक काय म्हणेल ते मला माहीत नाही, आणि हे त्याला वाचायला देण्याचं धाडस माझ्यात अजून नाही. मी एकच दुपार सांगते आणि थांबते. शिंपले मेल्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. मे महिना. रफिक पाळी सुटून उन्हातून आला, डोळे लाल, शर्ट पाठीला चिकटलेला. अम्मा माठातलं पाणी घेऊन दारात उभ्याच होत्या, पेला पुढं धरून. त्या उन्हाळ्यापासून तो आईच्या हातून पाणी घेत नसे. रागानं नव्हे, रागावला असता तर बरं झालं असतं. हातच पुढं यायचा नाही त्याचा. "ठिव अम्मा," म्हणाला, चपला काढल्या आणि माझ्याकडं वळला. "भाभी, जरा पानी देता का?"

अम्मांनी तोच पेला माझ्या हातात दिला. "दे त्याला," म्हणाल्या.

मी दिला. तो एका दमात प्यायला.